चादरीच्या त्या टोकाला समीरा

माझं नाव शालन. माहेर सातारच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला, गावाचं नाव तेवढं नका लिहू ताई, आमच्या गावची मानसं लई हुशार, कुठनं तरी वाचत्यात आन मग फोन करत्यात. गाव सगळं फौजींचं. पारावर म्हातारी बसली की कोन कुठल्या पलटनीत व्हता, कुठल्या छावनीत किती थंडी व्हती, हेच बोलनं, आन सोयरीक आली की पयला सवाल, पोरगा फौजी का शिविल? शिविल म्हंजे जो फौजेत न्हाई तो, मग तो मास्तर असू द्या न्हाईतर डाक्टर, आमच्यात तो शिविलच. मला दिली ती अशाच शिविल मानसाला, तेबी आचारी! आबा, म्हंजे माझे वडील, लग्नात पोटभर जेवले पन जावयाशी वरीसभर बोलले न्हाईत. हवालदार म्हनून रिटायर झालेले, आता ऐंशीच्या पुढं गेलेत पन मिशा तशाच हायेत, नंतर मोबाईलवर दावते तुम्हाला.

आता तुमी म्हनाल फौजेत वाईट काय हाय, तर मी कुठं वाईट म्हनते? आबांची वर्दी आईच धुवायची, दुसऱ्या कुनाला हात लावू देत नव्हती, भाताच्या पेजेची खळ करायची, आन वर्दी दोरीवर वाळत पडली की आमी पोरं तिच्या सावलीत खेळायचो, आमाला वाटायचं आमच्याएवढं श्रीमंत गावात कुनी न्हाई. अभिमान व्हता, अजून हाय, उगं खोटं कशाला बोलू. पन माझा धाकटा भाऊ दिलीप, त्याला जायचं नव्हतं. त्याला सायकलीचं दुकान टाकायचं व्हतं, एवढंच. पंक्चर काढायला बसला की जेवायची शुद्ध न्हाई, सगळ्या आळीच्या सायकली आमच्या अंगनात. आपल्याकडं कुनाला फौजेत ओढून न्यायचा कायदा न्हाई, पन आमच्या गावात कायद्याची गरजच नव्हती, हवालदाराचा पोरगा पंक्चर काढनार म्हनल्यावर पारावरची मानसं नुसती एकमेकांकडं बघून हसली तरी पुरं व्हायचं. भरतीच्या आदल्या दिवशी दिल्या पळून कराडला मामाकडं गेला, आबांनी यष्टीनं जाऊन कानाला धरून आनला. पुढच्या भरतीला परत पळाला, परत आनला. त्याच्या पुढच्या टायमाला पळाला न्हाई. गेला, नोकरी पुरी केली, धडधाकट परत आला, पेन्शन हाय, पोरंबाळं हायेत, देवाची किरपा. पन सायकलीला परत हात लावला न्हाई, आन दाराकडं पाठ करून कधी बसत न्हाई. आमच्या घरात त्यावर कुनी बोलत न्हाई.

ते असू द्या, मी इकडं कशी आले ते सांगत व्हते. आमचे मालक मुंबईला हाटेलात तंदूरवर व्हते, तिथनं हॉलंडातल्या युट्रेख्टच्या एका इंडियन हाटेलवाल्यानं बोलावून घेतलं, मग काही वर्सांनी मी आन पोरगी आलो. आल्या आल्या मला वाटलं ह्या देशात मानसंच न्हाईत, नुसत्या सायकली हायेत. स्टेशनाजवळच्या सायकलींचा फोटो दिल्याला धाडला, त्यानं नुसता अंगठा धाडला. पोरगी शाळेत गेली आन बघता बघता डच बोलाया लागली, आता मी मराठीत भांडते आन ती डचमदी उत्तर देते, भांडान मात्र अगदी बरोबर चालतं. मला घरी बसवत नव्हतं. मग गावाभाईर एक लाँड्री हाय तिथं लागले. हाटेलांच्या चादरी, टावेल, आन दवाखान्याचे कपडे. तिथल्या बॉसचं नाव केस. काय सांगू तुम्हाला, नाव केस आन डोक्यावर एक केस न्हाई, पयल्या दिवशी मला एवढं हसू आलं, त्यालाबी वाटलं बाई आनंदी दिसते, लगेच कामावर घेतली.

तिथलं काम कसं ते आधी समजून घ्या, म्हंजे पुढचं कळंल. मोठ्या कारखान्यात घडीसुदिक मशीन घालतं. आमची लाँड्री जुनी, रोलरमधनं इस्त्री होऊन चादर भाईर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, वढायची, झटकायची, मग चालत चालत एकमेकींकडं यायचं, तिची टोकं माझ्या हातात, ती खाली वाकून घडीचं टोक उचलनार, परत यायचं, झाली घडी. एकटीला येत न्हाई हे काम. म्हनून जोड्या असत्यात, आन जोडी सहसा मोडत न्हाई, कारन एकीचा हात दुसरीला कळाया लागतो. माझी जोडी समीराची. सीरियाची बाई, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल, जीभ माझ्याहून तिखट. दोघींचं डच एकसारखं मोडकं, म्हनून आमाला एकमेकींचं सगळं कळायचं, केसचं कळायचं न्हाई. दिवसभर चादरीच्या ह्या टोकाला मी, त्या टोकाला ती, आन मधून गप्पा. सुरिनामची, पन मूळची आपल्याकडची, रोशनी म्हनून एक हाय, ती आमच्या शेजारच्या टेबलाला, तिच्याशी मी हिंदीत बोलते, तिची हिंदी आजीच्या आजीकडनं आलेली, आपल्या शिनेमातली न्हाई, पन गोड.

मग करोना आला. केसनं जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या, दीड मीटर, दीड मीटर, दिवसभर तेच. समीरा म्हनाली, केस, चादर दोन मीटरची हाय, टोकाला असतो तोवर आमी कायद्यात हाय, घडी झाली की गुन्हेगार. केसनं डोकं खाजवलं आन म्हनला मास्क लावा. झालं. पन हाटेलं बंद पडली ती पडलीच. आमच्या मालकांचं हाटेल बंद, ते घरात बसून पराठे करनार आन मी खाऊन कामावर जानार. लाँड्रीत हाटेलांचा कपडा येईना, नुसता दवाखान्याचा, त्यावर काय भागत न्हाई. मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की एकेक बाई घरी जाया लागली. माझी नोकरी कायमची, हितं त्याला वास्त म्हनत्यात, मला भ्या नव्हतं. समीराचं मुदतीचं शेवटचं चालू व्हतं, ते संपलं की केसनं एकतर वास्त द्यायचं न्हाईतर राम राम. तिला वास्त मिळालं तर तिचा पोरगा यूसुफ, तो इलेक्ट्रिकचं शिकत व्हता, त्याचं शिक्षान पुरं हुनार, न्हाईतर तो शाळा सोडून पार्सलं वाटत फिरनार. केस म्हनला व्हता, देतो तुला वास्त, तुझं काम चांगलं हाय, फक्त धंदा मिळू दे.

आन धंदा मिळाला. पयल्याच हिवाळ्यातली गोष्ट. केसनं आमाला मागच्या अंगनात लांब लांब उभं केलं आन खुशीत सांगितलं, लष्कराच्या छावनीचं काम मिळालं, सोमवारपासनं वर्द्या येनार, लाँड्री वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या, मला तर आईची खळच आठवली. मग त्यानं काम समजावलं, वर्दीला खिसे लई, धुवायच्या आधी दोघींनी टेबलावर बसून सगळे खिसे रिकामे करायचे, न्हाईतर पेन फुटतं, स्क्रू मशीनीत जातो, ते काम शालन आन समीरा करतील, त्यांचे हात चांगले हायेत. समीरानं हात पाठीमागं न्हेले. म्हनली, हे मी करनार न्हाई.

केसला वाटलं तिला कळलं न्हाई, त्यानं परत सांगितलं, हळूहळू. तिनं परत तेच उत्तर दिलं, तेबी हळूहळू. केसचं तोंड उतरलं. तो काय वाईट मानूस न्हाई ताई, उगं त्याला नाव ठेवनार न्हाई मी. तो म्हनला, आज तू वर्दी नको म्हनशील, उद्या दुसरी म्हनेल रक्ताचा कपडा नको, परवा तिसरी म्हनेल म्हाताऱ्यांचा नको, मग मी लाँड्री कशी चालवू? आन ज्या कामावर सगळ्यांचं पोट हाय तेच नको म्हनत असशील तर मी तुला वास्त कशाच्या जोरावर देऊ? ईचार कर, म्हैनाअखेरीला सांग.

मी चिडले तिच्यावर. चादर धरली आन म्हनलं, अगं येडी का काय तू, कपडा तो कपडा, आन हितले सैनिक काय करत्यात बघ की टीव्हीवर, दवाखान्यात आजारी मानसांना कूस बदलायला मदत करत्यात. ती म्हनाली, ते दवाखान्याचे कपडे घालून येऊ देत, मी रोज धुते, रक्ताचेबी धुते. मग चादर तानली, आन दोन चादरी झाल्यावर मला सांगितलं. मला यूसुफ माहीत व्हता, त्याच्या आधी एक थोरला व्हता हे माहीत नव्हतं. तिकडं अठराव्या वर्साला पोरगं फौजेत द्यायचंच, कायदाच हाय, न्हाई म्हनायची सोय न्हाई. थोरला फौजेत गेला. एकदा सुट्टीवर घरी आला, वर्दी घामानं आन धुळीनं कडक झालेली, हिनं रात्री धुतली, सकाळी इस्त्री केली, बटनं तपासली, आन त्याला घालून परत धाडला. परत आला न्हाई. ती म्हनाली, शालन, मीच धुऊन दिली ना त्याला. म्हनून यूसुफ अठराचा व्हायच्या आत तिनं गळ्यातलं, हातातलं सगळं इकलं आन पोराला हद्दीच्या पार धाडला, फौजेवाले घरी शोधायला आले तर दोरीवरचे त्याचे कपडे नवऱ्याचे म्हनून सांगितले. तो पोरगा लहान म्हनून ह्या देशानं त्याला ठेवला आन मग त्यानं आईला आनली. हे सगळं तिनं मला चादरीच्या त्या टोकावरनं सांगितलं, तुकड्या तुकड्यानं, आन जवळ यायची येळ आली की गप्प. मी रडले, मास्क ओला झाला, केसनं नवीन दिला.

आईतवारी आबांचा व्हिडिओ कॉल असतो. मी त्यांना सांगितलं. खरं म्हंजे मला पाठीवर थाप पायजे व्हती, मला वाटलं आबा म्हनतील, वर्दीला न्हाई म्हनते ती कसली बाई, सोड तिला, आन मग मलाबी मोकळं वाटंल. आबांनी मिशीवरनं हात फिरवला, ह्या बाजूची फिरवली, त्या बाजूची फिरवली, आन म्हनले, दिल्या हितंच बसलाय, त्याला इचार. फोन त्याच्या हातात दिला. दिल्या म्हनला, शाले, तिला एकटी सोडू नको. एवढंच. मागनं आबांचा आवाज आला न्हाई. हवालदार साहेबांनी आयुष्यात पयल्यांदा मधी तोंड घातलं न्हाई, ह्याचं मला लई नवल वाटलं.

सोमवारी वर्द्यांच्या ट्रॉल्या आल्या. केसनं समीराच्या जागी खिशांच्या टेबलावर दुसऱ्या बाईला बसवायचं ठरवलं आन समीराला म्हनला, तू म्हैनाअखेरपर्यंत टावेल लाव, मग बघू. मग बघू म्हंजे काय ते आमाला सगळ्यांना कळतं. टेबलाआधी दवाखान्याच्या चादरी उरकायच्या व्हत्या, रोलरमधनं पयली चादर भाईर आली. मी टोक धरलंच न्हाई. चादर खाली पडली, तिच्यामागनं दुसरी पडली. केसनं मशीन थांबवलं आन म्हनला, शालन, काय झालं? मी म्हनलं, माझी जोडी टावेलावर धाडली, मी कुनाबरोबर घडी घालू? तो म्हनला, रोशनीबरोबर. मी म्हनलं, न्हाई, समीराला म्हैनाअखेरपर्यंत टांगून ठेवलंस, तोवर मी घडी घालनार न्हाई, आन थर्मास उचलला आन भाईर जाऊन भिंतीला टेकून बसले.  फौजीची पोरगी, पन पळायचं का बसायचं हे आमाला कुनी शिकवलं नव्हतं.

समीरा आली, बसली. मग एक तुर्की बाई आली, मग दोघी मोरोक्कोच्या, मग दवाखान्याच्या टेबलावरच्या सगळ्या. आन केसचीच पट्टी आमच्या डोक्यात बसलेली, दीड दीड मीटरवर बसलो, त्यामुळं मोजक्या बाया पन रांग पार सायकलींच्या स्टँडपर्यंत गेली. करोना नसता तर कोपऱ्यात चार बाया चहा पीत बसल्यात असं दिसलं असतं. ट्रकवाले थांबून बघाया लागले. रोशनी मात्र आत. तिनं आधीच सांगितलं व्हतं, मला वर्दीचं काही न्हाई, मी धुईन, मला घराचा हप्ता हाय. खिडकीतनं दिसत व्हती, एकटी उभी. जरा येळानं तीबी आली, जॅकेटची चेन वढत, आन केसला म्हनाली, मी वर्द्या धुनार हाय, पन भाईर बसनार हाय. केस म्हनला, हे काय नवीन? ती म्हनाली, आमच्या आजीच्या आजीला गोड बोलून हिंदुस्थानातनं जहाजात बसवून सुरिनामच्या उसाच्या मळ्यात आनली, तिला न्हाई म्हनता आलं न्हाई, मला येतं, आन हिलाबी आलं पायजे. बसली.

केस एक क्रेट घेऊन आला आन आमच्या रांगेच्या टोकाला बसला, बरोबर दीड मीटरवर. मी त्याला चहा दिला, थालीपीठबी दिलं, भांडान आपल्या जागी. त्यानं खाल्लं. म्हनला, दुपारी दवाखान्याची गाडी येनार, चादरी तयार न्हाईत, आन वर्द्या परत धाडल्या तर लाँड्री उन्हाळा बघत न्हाई, तुमीच सांगा काय करू. मी म्हनलं, खिशांच्या टेबलावर ज्याच्या मनात हाय त्यानंच बसायचं, कुनाला बसवायचं न्हाई, आन जी बसनार न्हाई तिचं वास्त थांबवायचं न्हाई. तो म्हनला, बरं, मग हात वर करा, बघू कोन बसतंय. रोशनीनं हात वर केला. आन मग कुनीच न्हाई. काम दोघींचं, हात एकच. सगळ्या जमिनीकडं बघाया लागल्या. तुर्की बाई पानी प्यायला लागली. मला कळलं, आता जर दुसरा हात वर गेला न्हाई तर समीरा वाचली पन लाँड्री बुडाली, आन लाँड्री बुडाली तर समीराबी बुडाली.

मी हात वर केला. मला कुनी सांगितलं नव्हतं. समीरानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं न्हाई. केसनं चहा संपवला, उठला, आन म्हनला, ठरलं. तेवढ्या बोलन्यावर ठरलं बघा, आत गेलो आन गाडी येईपर्यंत दनादन घड्या घातल्या.

म्हैनाअखेरीला समीराला वास्त मिळालं. पन मी हात वर केल्यापासनं माझ्याशी ती बोलत नव्हती. चादर धरायची, वढायची, जवळ यायची, टोकं हातात द्यायची, झालं. मला लागायचं, लई लागायचं, वाटायचं हिच्यासाठी मी रस्त्यावर बसले आन हीच माझ्यावर रुसली. पन तिचं तिला, माझं मला. मी काही तिला समजवायला गेले न्हाई. वर्दीकडं बघून तिला काय आठवतं आन मला काय आठवतं, हे एकसारखं कसं असंल? यूसुफनं मात्र आमच्या घरी येऊन मालकांच्या खोलीतला बंद पडलेला हीटर नीट करून दिला, पैसे घेतले न्हाईत, पराठे मात्र मोजून न घेता खाल्ले.

आता सगळं मोकळं झालंय, मास्क गेले, हाटेलं भरली, आमचे मालक परत तंदूरवर, पोरगी ग्रोनिंगनला शिकाया गेली, तिथनं डचमदीच भांडते. यूसुफचं शिक्षान पुरं झालं, नोकरीला लागला, समीरा त्याच्यासाठी पोरगी बघत्येय आन एकीत खोट काढत्येय, दुसरीत खोट काढत्येय, म्हंजे आता बरी हाय. हप्त्यातनं एकदा वर्द्या येत्यात, त्या दिवशी मी रोशनीसमोर बसते. खिशात काय काय निघतं, चिंगम, नट, सुपरमार्केटचं बिल, एकदा लहान पोराचा मोजा निघाला. वर्दी कुनाची ते आपल्याला कळत न्हाई, नुसते नंबर. पन पोरगं कुनाचं तरी असतंय. मी एकेक खिसा उलटा करते आन मनात म्हनते, घरी जा रं बाबा, आईकडं जा. असंच एकदा, अबोला चालू असतानाच, समीरा टावेलाची ट्रॉली घेऊन चालली व्हती, माझे ओठ हालताना बघितले, थांबली, म्हनाली, काय पुटपुटतेस? मी सांगितलं. तिनं ट्रॉलीवरचा हात काढला. मग म्हनाली, आमच्यात त्याला असं म्हनत्यात, आन तिच्या भाषेत सांगितलं, पोरगं भाईर पडताना आई म्हनते ते, सुखरूप माघारी ये. मला ते नीट म्हनता येईना, तिनं परत म्हनून दावलं, परत म्हनून दावलं, ट्रॉली तशीच मधी, केस वरडतोय, रस्ता सोडा. आता मी माझं म्हनते आन तिचंबी म्हनते, दोन्ही, एका खिशाला एकदा. देव काय, दोन्ही ऐकत असंल.